नाल्यातला गाळ, बाल्कनीतलं अळू

देशमाने, तू गेलास आणि माझी बाजू जिंकली. हे तुला सगळ्यात आधी कळायला हवं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते आहे. सोमवारी बैठक झाली. नजफगढच्या नाल्याचा आपला टप्पा उपसायचा नाही, गाळ आहे तिथेच ठेवून वरून स्वच्छ वाळू आणि चिकणमाती पसरून तो झाकायचा, असं ठरलं. इतकी वर्षं मी जे म्हणत होते तेच. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी फायलींचा गठ्ठा ठेवला होता. मी तो उचलून जमिनीवर ठेवला आणि मगच माझ्या जागी बसले.

त्याच्या आधीच्या आठवड्यात तुझी शोकसभा झाली. साहेब म्हणाले, "देशमानेजी बड़े मिलनसार आदमी थे." मी मागच्या रांगेत होते, मला हसूच फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं रडते आहे, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मिलनसार म्हणे. माझ्याशी जवळजवळ दोन तपं भांडलास तू. कँटीनमध्ये, जीपमध्ये, होडीत, तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला हातात केकची बशी घेऊन. सगळं भांडण एकाच गोष्टीवरून: गाळ काढायचा की झाकायचा.

तू सिव्हिल इंजिनीअर, मी केमिस्ट. गाळ काढणं तुझं काम आणि त्यात काय आहे ते सांगणं माझं. तू सांगोल्याचा, मी मिरजेची. दिल्लीतल्या त्या सरकारी कचेरीत दोघंच मराठी, त्यामुळे पहिल्याच दिवशी जिन्यात तू विचारलंस, "तुम्ही मुल्ला, म्हणजे मिरजेच्या का हो?" मी म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणालास, "हिंदी बोलताना 'है' वर जोर देता, तो तिकडचाच." तेव्हा आपण अहो-जाहो करत होतो. पहिल्यांदा नमुने घ्यायला होडीतून गेलो, होडी कलली, आणि मी "अहो देशमाने" म्हणायच्या ऐवजी "अरे, धर ना!" असं ओरडले. त्यानंतर परत अहो म्हणायचा धीर दोघांनाही झाला नाही.

त्या दिवशीचं मला नीट आठवतं. लांब नळी तळात खुपसून आपण गाळाचा दंडगोल वर काढला. काळा, तेलकट, कुजक्या अंड्यांचा वास. मी हातमोजे चढवत होते, तेवढ्यात तू बोटांनी चिमूट उचललीस आणि अंगठ्यावर चोळून बघितलीस, बाजारात बाजरीचं पीठ बघावं तशी. मी किंचाळले. तू म्हणालास, "अगं, माती हातात घेतल्याशिवाय कशी कळणार?" मी म्हटलं, ही माती नाही. तू बोटं पँटला पुसलीस आणि म्हणालास, "गाळ म्हणजे मातीच." आपलं भांडण तिथं सुरू झालं असं धरून चालू.

तुझं म्हणणं कुठून येतं ते मला पुढे समजलं. तुमच्याकडे पाऊस नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की अख्खं गाव बैलगाड्या घेऊन तळातला गाळ भरायचं आणि शेतात नेऊन टाकायचं. तुझे वडील तो गाळ हातात धरून म्हणायचे, हे सोनं आहे. तू लहानपणी त्या गाडीवर, गाळाच्या ढिगावर बसून यायचास. तुझ्या लेखी तळात बसलेला गाळ म्हणजे अडकून पडलेलं धन. ते बाहेर काढायचं, रानाला द्यायचं, पाण्याला जागा करायची. इंजिनीअरिंगची पदवी तू नंतर घेतलीस, ही गोष्ट आधीची.

माझं उलट. कृष्णेला पूर आला की नळाला गढूळ पाणी यायचं. आई हंड्यात तुरटी फिरवून ठेवायची आणि आम्हाला दम द्यायची, तळ ढवळायचा नाही, वरचं वरचं घ्यायचं. हे तुला एकदा बोलून गेले आणि पस्तावले. त्यानंतर मी सल्फाइड, शिसं, कॅडमियम असं काहीही बोलायला लागले की तू म्हणायचास, "आली, मिरजेची तुरटी आली."

पण माझं शास्त्र खरं होतं, देशमाने. अजूनही खरं आहे. तळाशी हवा पोचत नाही तोवर ते धातू गाळाला घट्ट धरून असतात. उपसलास, उन्हात टाकलास, की सुटतात. पाण्यात जातात, मातीत जातात, पानात जातात. आणि उपसून टाकणार कुठे? हा प्रश्न मी तुला इतक्यांदा विचारला की तू माझं नावच 'टाकणार कुठे' ठेवलंस. फोन उचलून म्हणायचास, "बोला, टाकणार कुठे."

मग तुला एक छोटा टप्पा उपसायची परवानगी मिळाली. प्रयोग म्हणून. पोकलेन आलं, गाळ काठावर टाकला, आणि तो वाळला. वाळल्यावर त्याचा वास गेला. रंग काळाभोर, हातात घेतला की भुगा व्हायचा. मी त्या आठवड्यात रजेवर होते. तू एकटा त्या ढिगासमोर उभा राहिलास आणि तुझ्यातला इंजिनीअर घरी निघून गेला, सांगोल्याचा पोरगा तेवढा उरला. दुसरं काय म्हणू? काठावर भाजी पिकवणारा रामफल तिथे आला. त्याने विचारलं, साहब, ये खेत में डाल लें? आणि तू, नमुन्यांचे आकडे आलेले नसताना, म्हणालास, "हमारे गाँव में तो ये सोना है."

एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. तू एक गोणी भरून घरी, दिल्लीतल्याच द्वारकेला, नेलीस. गावाहून आईच्या मोरीमागचे अळूचे कंद आणले होतेस, काळ्या देठाचे, खास वडीचे. दिल्लीत जी अरबीची पानं मिळतात ती तुला पसंत नव्हती, त्यांना देठच नाही, अंगच नाही, असं तू दर गणपतीत म्हणायचास. अळू मोरीच्या पाण्यावरच चांगलं वाढतं हे आपल्याकडे कुणालाही विचारा. मग नाल्याच्या गाळात का नाही वाढणार? वाढलंच. पानं हत्तीच्या कानाएवढी झाली. सुनंदावहिनींनी वड्या केल्या आणि तू डबा घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आलास. डबा उघडलास. तीळ, चिंच-गुळाचा वास. मी दिवसभर उपाशी होते.

"मातीसुद्धा खास आहे," तू म्हणालास.

"कुठली?"

तू नुसता हसलास, आणि मला कळलं. मी डबा बंद केला. तू म्हणालास, "बाई, एक खाऊन तर बघ, यार." मी म्हटलं, वडी नको, मला पान आणून दे. तू दुसऱ्या दिवशी पान आणलंस, ऐटीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी ते धुतलं, वाळवलं, जाळलं, तपासलं. निकालाचा कागद तुझ्या हातात दिला. शिसं आणि कॅडमियम दोन्ही, खाण्याच्या भाजीत असूच नये इतकं.

तू कागद दोनदा वाचलास. मग म्हणालास, "ईरानं चार वड्या खाल्ल्या." तुझी मुलगी तेव्हा शाळेत होती. मी तुला समजावलं की एकदा खाल्ल्याने काही होत नाही, हे रोज खाण्याचं विष आहे. तुला ते पटलं असावं, पण तुझा चेहरा मी विसरले नाही. माझं म्हणणं खरं ठरलं याचा मला त्या दिवशी जराही आनंद झाला नव्हता, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि मग तू जे केलंस त्यासाठी तुझ्याशी भांडायचा हक्क मी मनातल्या मनात अर्धा सोडून दिला. साहेबांना आधी विचारलं नाहीस, कागद वर पाठवून वाट बघत बसला नाहीस. जीप काढलीस, मला बरोबर घेतलंस आणि थेट रामफलच्या वावरात गेलास. पालक वर आला होता, हिरवागार. आजूबाजूचे चार-पाच शेतकरी जमले. तू म्हणालास, ये पालक मत बेचना, घर में भी मत खाना. रामफल म्हणाला, "साहब, आप ही तो बोले थे, सोना है."

तू म्हणालास, "बोला था. गलत बोला था. मेरे गाँव की गाद सोना है, ये नहीं है."

सरकारी नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली. चार माणसांत उभं राहून 'गलत बोला था' म्हणणारा तू एकटा. रामफल चिडला, चिडणारच. पालक उपटताना त्याला दुःख झालं. पण पुढच्या वर्षी त्याने तिथे झेंडू लावला, आणि दर थंडीत तू त्या वावरावरून चक्कर मारायला लागलास. झेंडू आहे ना, भाजी नाही ना, एवढं बघायचास. तिथून परतताना एखादं फूल जीपच्या काचेपाशी ठेवायचास. या महिन्याच्या सुरुवातीला तुझ्या अंगावर झेंडूचे हार होते आणि मी तुझ्या पायाशी उभी राहून विचार करत होते, ही फुलं कुठल्या मातीतली असतील. तुला हे सांगायला हवं होतं, तू खो खो हसला असतास.

काठावरचा तो ढीग पुढे दोन पावसाळ्यांत अर्धा परत नाल्यात गेला. टाकायला जागाच मिळाली नाही. मला वाटलं, आता तरी तू माझ्या बाजूला येशील. तू आला नाहीस. म्हणालास, "माझी चूक ढिगात आहे, उपसण्यात नाही. खाली प्लास्टिकचं अस्तर घातलेला खड्डा आधी करायला हवा होता." आणि मग तू तो प्रश्न विचारलास, ज्याचं उत्तर मला कधी देता आलं नाही.

आपण काठावर उभे होतो. मी माझ्या झाकणाचं वर्णन करत होते, एवढी वाळू, एवढी माती, वर दगड. तू म्हणालास, "बिल्कुल ठीक. पण रेहाना, झाकलेलं लक्षात कोण ठेवणार? तू आणि मी गेल्यावर? उद्या कुणी पुलाचा खांब रोवेल, कुणी केबल टाकेल. वरून बघितलं तर वाळू. उघडं असलं की निदान नाक तरी सांगतं."

मी म्हटलं, नकाशात नोंद असेल. पाट्या लावू. तू म्हणालास, "नाल्याकाठची लोखंडी पाटी एक पावसाळा टिकत नाही, कुणाचं तरी छप्पर होते." मी विषय बदलला. तेव्हा आपण दोघंही धडधाकट होतो आणि 'गेल्यावर' हा शब्द बोलण्याच्या ओघात आलेला होता. मला तुझा राग आला होता, कारण तू माझ्या सगळ्या शास्त्राला सोडून असं काहीतरी विचारलं होतंस जे प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

आता शेवटचं भांडण. खरं तर ते झालंच नाही. बैठकीचं टिपण मी लिहिलं होतं, झाकण्याच्या बाजूने. तुला वाचायला दिलं. पाहणीवरून परत येताना आपण चहाला थांबलो. तू मातीचा कुल्हड फिरवत म्हणालास, "मला एक तोडगा सुचलाय. तुझं पण राहील, माझं पण राहील."

"सांग."

"बैठकीत सांगतो. आत्ता सांगितलं तर रात्रभर बसून त्याला भोकं पाडशील."

मी म्हटलं, पाडणारच. तू खूश होऊन हसलास आणि दुसरा चहा मागितलास. त्या आठवड्यातच तुझं हृदय थांबलं. तोडगा काय होता, देशमाने? मी खरंच विचारते आहे. तुझं टेबल आवरताना शोधलं, पण तू लिहून ठेवणाऱ्यातला नव्हतास. सुनंदावहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "ताई, ऑफिसचं ते घरी काही बोलायचे नाहीत हो. फक्त तुमच्याशी भांडण झालं की जेवताना सांगायचे, आज मजा आली."

आज मजा आली. इतकी वर्षं मी समजत होते की मी तुला छळते.

सोमवारी साहेबांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, "तो अब कोई आपत्ति नहीं है. देशमानेजी की जो थी, वो तो..." आणि पुढचं गिळलं. सगळे माना हलवत होते. मला तुझ्याशिवाय जिंकायचं नव्हतं. मी उभी राहिले. म्हटलं, सर, आपत्ति है, मैं रखती हूँ. आणि हरकत म्हणून तुझं सगळं म्हणणं मांडलं. अस्तराचा खड्डा, टप्प्याटप्प्याने उपसणं, आणि तो प्रश्न. झाकलेलं लक्षात कोण ठेवणार. मी चांगलं बोलले रे. माझ्या बाजूचं मी इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मैडम, आप हैं किस तरफ़?"

मी म्हटलं, "नोट मेरा है, सर. सवाल उनका है."

कुणीतरी म्हणालं, बोर्ड लगवा देंगे. मग चहा आला आणि टिपण मंजूर झालं. तुझी बाजू मांडून मी हरले, म्हणजे मी जिंकले. बाहेर येऊन जिन्यात, आपण पहिल्यांदा भेटलो होतो तिथे, उभी राहून रडले. तिथून जाणाऱ्याला वाटलं असेल, मॅडमचं काहीतरी नामंजूर झालं.

काल वहिनींकडे गेले होते. ईरा त्यांना काही महिन्यांसाठी बेंगळुरूला नेते आहे. फ्लॅट भाड्याने देणार, सामान आवरणं चालू आहे. बाल्कनीत ती कुंडी अजून आहे. त्या निकालानंतर तू तिची पानं कधी कापली नाहीस आणि कुंडी टाकलीही नाहीस. मी टोमणा मारला होता, फेकून का देत नाहीस, तर म्हणालास, "टाकणार कुठे?" माझंच वाक्य माझ्या तोंडावर. तेव्हापासून ते अळू तिथे उभं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, काय पानं आहेत, वड्या करा की! आणि तू म्हणायचास, हे शोभेचं आहे. मग चहा होईपर्यंत त्याला सगळी गोष्ट सांगायचास, नाला, गाळ, रामफल, माझा कागद, सगळी. पाहुणे कंटाळायचे. वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, पुरे!"

ईरा म्हणाली, "काकू, हा मोठ्या पानांचा प्लांट फ्लाइटमध्ये तर नाही नेता येणार. नवीन टेनंटने चुकून खाल्ला तर? खाली सोसायटीच्या गार्डनमध्ये माती टाकून देऊ का?"

"नको, तिथे मुलं खेळतात," मी म्हटलं.

"मग कुठे टाकू?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. या विषयातली तज्ज्ञ मीच ना. म्हटलं, मी नेते.

रिक्षातून कुंडी माझ्याकडे आर. के. पुरमला आणली, पायांत धरून. पानं माझ्या तोंडावर येत होती. घरी सलीमने दार उघडलं आणि म्हणाला, "वा, वड्या कधी?" मी त्याला म्हटलं, हे शोभेचं आहे. मग चहा होईपर्यंत सगळी गोष्ट सांगितली. नवरा असूनही तो कंटाळला नाही, किंवा कंटाळला असेल तर दाखवलं नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी अगदी तुझ्यासारखी हातवारे करत होते.

कदाचित तुझा तोडगा हाच असेल, येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट सांगत राहणं. कदाचित नसेलही, तू काहीतरी इंजिनीअरिंगचंच काढलं असतंस, पंप आणि पाइप घालून. मला अजूनही वाटतं की झाकणंच बरोबर आहे. कुंडीवर घालायला म्हणून आज सकाळी स्वच्छ वाळूची पिशवी आणली. माझ्याच टिपणात लिहिल्याप्रमाणे वरून जाड थर द्यायचा, म्हणजे काळी माती दिसणार नाही.

पिशवी कुंडीशेजारी ठेवली आहे. अजून उघडली नाही. भोकं पाडणार नाही, देशमाने, एकदा सांग.